अर्धा आटा मागे

जुन्या डिझेल इंजिनाला टॅकोमीटर बसवायचा म्हटलं की सगळी चर्चा डायलची होते. केवढा घ्यायचा, काटा कुठल्या रंगाचा, रात्री दिवा लागतो का. खरं काम मात्र खाली फ्लायव्हीलपाशी (इंजिनाच्या टोकाचं जड चाक), मिलिमीटरभरही नसलेल्या एका फटीत चालतं.

टॅकोमीटर क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, मिनिटाला किती फेरे झाले ते दाखवतो, म्हणजेच आरपीएम. पेट्रोल इंजिनात हे सोपं असतं, कारण ठिणग्या मोजता येतात. चार सिलिंडरच्या फोरस्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १००. जुन्या गाड्यांत इग्निशन कॉइलच्या निगेटिव्ह टोकावरून एक वायर मीटरला नेली की झालं. (हात जपून, तिथे क्षणभर काहीशे व्होल्ट उसळतात.)

डिझेलमध्ये ठिणगीच नाही. हवा दाबून इतकी तापवलेली असते की इंधन आपोआप पेट घेतं. मग मोजायचं काय? दात. फ्लायव्हीलच्या कडेला स्टार्टरसाठी रिंग गिअर, म्हणजे दातांचं कडं, असतोच. त्याच्या समोर एक सेन्सर बसवायचा. समजा त्याला १२० दात आहेत. १५०० आरपीएमला म्हणजे सेकंदाला २५ फेरे, आणि सेन्सरसमोरून ३००० दात.

हा सेन्सर म्हणजे एक चुंबक, लोखंडी गाभा आणि त्यावर तारेची गुंडाळी. त्याला बॅटरीची गरज नाही. लोखंडी दात समोर आला की चुंबकीय क्षेत्र दाट होतं, खाच आली की विरळ. बदलत्या क्षेत्रामुळे तारेत वीज उपजते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं. पण बदल जितका वेगात, तितकाच व्होल्टेज जास्त. त्यामुळे स्टार्टर इंजिन फिरवत असतो तेव्हा सिग्नल अगदी क्षीण, आणि पूर्ण वेगात कितीतरी व्होल्ट. सेन्सर आणि दात यांच्यातली फट थोडी जास्त राहिली तर कमी वेगाला काटा हलतच नाही. फारच कमी ठेवली तर दात सेन्सरला घासतो.

म्हणून बसवताना घाई नको. बॅटरीची वायर काढायची आणि बेल हाउसिंगच्या (फ्लायव्हीलवरच्या आवरणाच्या) सेन्सरसाठीच्या आटेदार भोकातून टॉर्च मारून इंजिन हाताने फिरवायचं, दाताचा माथा बरोबर समोर येईपर्यंत. ही पायरी गाळली आणि समोर खाच असली, तर सेन्सरचं टोक दोन दातांच्या मध्ये शिरतं. वरून सगळं ठीक दिसतं, आणि पहिल्या सेल्फलाच टोक उडतं. माथा समोर असेल तर सेन्सर बोटांनीच, पाना न लावता, टेकेपर्यंत आत फिरवायचा. मग अर्धा आटा मागे, आणि लॉकनट आवळायचा. आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दीड मिलिमीटर असेल तर अर्ध्या आट्याला पाऊण मिलिमीटर फट मिळते. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, तिथे घालायला जागा नसतेच. मोजपट्टीचं काम आटेच करतात. मला या सगळ्या उद्योगात हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

नव्या इंजिनांत बऱ्याचदा हॉल सेन्सर दिसतो. एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. तो क्षेत्रातला बदल नव्हे, क्षेत्रच ओळखतो, त्यामुळे चाक रांगत असलं तरी सिग्नल स्वच्छ येतो. बदल्यात त्याला वीजपुरवठा लागतो. म्हणून वायरी सहसा तीन.

वायर पीळ दिलेली आणि शिल्डेड, म्हणजे बाहेरून धातूचं आवरण असलेली, घ्यावी. शिल्ड एकाच टोकाला अर्थ करायची. दोन्हीकडे केली तर शिल्डमधूनच प्रवाह वाहू लागतो आणि काटा उगाच थरथरतो.

शेवटी मीटरला दातांची संख्या सांगायची. मी एकदा खडूची खूण करून दात मोजले आणि मध्येच कोणीतरी हाक मारल्याने १२० ऐवजी ११८ धरले. मीटर १५०० ला १५२५ दाखवू लागला. काटा स्थिर, हालचाल झकास, त्यामुळे संशय यायचं कारणच नव्हतं. पुढे क्रँक पुलीला चमकती पट्टी चिकटवून हातातल्या ऑप्टिकल टॅकोमीटरने तपासलं तेव्हा चूक सापडली. त्याला दात मोजावे लागत नाहीत, फेऱ्याला एकदा पट्टी दिसली की पुरे.