काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजाच्या खटल्याचे कागद कसे शोधायचे

घरात कुणीतरी सांगितलेलं असतं की आमचे खापरपणजोबा काळ्या पाण्यावर गेले ते परत आलेच नाहीत, बास, त्यापुढे काही माहीत नसतं. खटल्याचे कागद मिळू शकतात, पण आडनावाने शोधायला गेलात तर बहुतेक वेळा हात हलवत परत याल. जुन्या मुंबई इलाख्याच्या कागदात माणूस 'रामा बिन बापू' किंवा 'रामा वलद बापू' असाच लिहिलेला सापडतो, म्हणजे बापूचा मुलगा रामा, सोबत जात, गाव वगैरे, आणि आडनावाचा पत्ताच नाही. त्यामुळे अर्ज करायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि वडलांचं नाव, गाव आणि अंदाजे साल काढून घ्या.

साल फार महत्त्वाचं आहे बरं का. अंदमानात कैदी जायला लागले मार्च 1858 पासून. गोष्ट त्याआधीची असेल तर माणूस सिंगापूर, पिनांग किंवा मॉरिशसलाही गेलेला असू शकतो, मग पोर्ट ब्लेअरचे कागद चाळून उपयोग नाही. आणि सेल्युलर जेल बांधून झालं 1906 मध्ये, त्यामुळे 1880 चा कैदी तिथल्या कोठडीत होता असं धरून चालू नका.

पहिलं ठिकाण म्हणजे मुंबईचं पुराभिलेखागार, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथे न्याय खात्याचे म्हणजे ज्युडिशियल डिपार्टमेंटचे खंड मागायचे. विदर्भ तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, तिकडच्यांनी सुरुवात नागपूरपासून करा. दिल्लीत जनपथवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात होम डिपार्टमेंटची पोर्ट ब्लेअर शाखा बघायची, त्यातलं बरंच 'अभिलेख पटल' या पोर्टलवर घरबसल्या शोधता येतं, फक्त गावांची स्पेलिंग जुनी टाका, पुण्याला पूना, ठाण्याला टन्ना, नाहीतर समोर काहीच येणार नाही.

पात्रता काय? एवढे जुने सरकारी कागद बघायला तुम्ही वारस आहात हे सिद्ध करावं लागत नाही. आधार किंवा पासपोर्टची झेरॉक्स, दोन फोटो आणि विषय व सालं स्पष्ट लिहिलेला अर्ज जवळ ठेवा, कॉलेज किंवा संस्थेचं शिफारसपत्र मिळत असेल तर तेही घ्या. अर्जात 'आमच्या पूर्वजांची माहिती' असं मोघम लिहू नका. 'रत्नागिरी जिल्हा, 1870 ते 1880, दरोडा, जन्मठेप काळे पाणी' असं लिहिलंत की तिथल्या माणसाला कुठला खंड काढायचा ते लगेच कळतं.

कोर्टाकडून नक्कल हवी असेल तर प्रकरण वेगळं. तुम्ही खटल्यातले पक्षकार नाही, म्हणून कारण लिहून अर्ज द्यावा लागतो, प्रतिज्ञापत्रही मागू शकतात. सेशन्स कोर्टाचा जुना मूळ कागद टिकलेला असेलच असं नाही, पण अपील हायकोर्टात गेलं असेल तर 1876 पासूनच्या इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत निकाल छापलेला असू शकतो, लॉ लायब्ररीत ते खंड जरूर बघा.

कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला असायचा, त्यावर नंबर, कलम, शिक्षेची तारीख. हा नंबर एखाद्या कागदात दिसला तर लगेच वहीत उतरवा आणि पुढच्या प्रत्येक अर्जात नावाआधी तोच लिहा. आणि मोडीतला कागद निघाला तर घाबरू नका, फोटो काढायची परवानगी मागा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा.