कपाट, टेप, सर्व्हर : भूवैज्ञानिक सर्वेक्षणांच्या माहितीची पार्श्वभूमी

भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या डेटा विभागाकडे जी मागणी येते ती बरेचदा जुन्या मालाची असते. तेलासाठी १९७० च्या दशकात घेतलेली भूकंपीय रेषा (जमिनीत कंपनं सोडून एका रेषेवर केलेलं खालच्या थरांचं मापन) आता कार्बन डायऑक्साइड जमिनीत कोंडायला जागा शोधणाऱ्याला हवी असते. शंभर वर्षांपूर्वीच्या बोअरची नोंद बोगदेवाल्यांना हवी असते, कारण त्या जागी आज इमारत उभी आहे आणि पुन्हा बोअर मारता येणार नाही. तांब्यासाठी गोळा केलेल्या मातीच्या नमुन्यांत आता कोणी लिथियम तपासू पाहतो. म्हणजे माहिती गोळा करणाऱ्याला पुढचा प्रश्न ठाऊक नसतो, आणि तरी त्या प्रश्नाचं उत्तर मिळेल अशा स्थितीत ती सांभाळायची असते. इथल्या संगणक व्यवस्थेच्या बहुतेक अडचणी यातून आल्या आहेत.

आवृत्त्यांची कटकट तर संगणकाच्या कितीतरी आधीपासूनची. विल्यम स्मिथने १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूवैज्ञानिक नकाशा छापला. १५ पत्रकं, एकत्र जोडली की उंची अडीच मीटरच्या आसपास, आणि प्रत्येक प्रत हाताने रंगवलेली. स्मिथची पायपीट चालूच होती. नवं काही कळलं की पुढच्या प्रतीत तो खडकाची सीमा सरकवायचा. त्यामुळे ‘१८१५ चा नकाशा’ म्हणून आज ज्या प्रती उरल्या आहेत त्या सगळ्या सारख्या नाहीत, आणि कोणती आधीची, कोणती नंतरची हे शोधत अभ्यासकांना बसावं लागलं. आवृत्ती क्रमांक न टाकता फाइल सुधारली की काय होतं, त्याचं हे बहुधा सर्वांत देखणं उदाहरण असावं.

सरकारी सर्वेक्षणं त्यानंतरची. ब्रिटनमध्ये १८३५, कॅनडात १८४२, भारतात थॉमस ओल्डहॅमच्या हाताखाली १८५१, अमेरिकेत १८७९. मागची निकड बहुतेक ठिकाणी खनिजांची; भारतात उघडउघड कोळशाची. कामाची रीत सगळीकडे साधारण एकच. आधीच्या भूमापनाचा नकाशा पाया म्हणून घ्यायचा, हातोडी आणि होकायंत्र घेऊन फिरायचं, नोंदवहीत लिहायचं, आणि शेवटी रंगीत पत्रक व सोबतचा अहवाल काढायचा. पत्रक विक्रीला जायचं, नोंदवही कपाटात. १८८१ मध्ये बोलोन्याच्या आंतरराष्ट्रीय भूविज्ञान परिषदेत खडकांच्या काळखंडांनुसार रंगांची संगती लावण्याचा विषय निघाला : ट्रायासिक जांभळा, जुरासिक निळा, क्रेटेशियस हिरवा. आज ज्याला डेटा स्टँडर्ड म्हणतात, त्याचीच ही सुरुवात.

या पत्रकांवर एक खूण असते, ती नीट बघायला हवी. दोन खडकांमधली सीमा जिथे डोळ्यांनी पाहिली तिथे रेघ सलग असते. जिथे माती-झाडीखाली ती अंदाजाने नेली तिथे तुटक. गाळाखाली गडप झालेली असेल तर ठिपक्यांची. भूवैज्ञानिक नकाशात प्रत्यक्ष पाहिलेलं किती आणि तर्काने जोडलेलं किती, हे या तीन प्रकारच्या रेघांतून कळतं. पाहिलेल्या खडकांपेक्षा न पाहिलेल्यांचं क्षेत्र बहुतेक वेळा जास्तच निघतं. नकाशा संगणकात शिरला तेव्हा पहिली गळती इथे झाली.

संगणक आला तो आधी जमीन वापराच्या नकाशांसाठी. रॉजर टॉमलिन्सनने १९६० च्या दशकात कॅनडा सरकारसाठी जी प्रणाली उभी केली, तिला पहिली जीआयएस (नकाशे आणि त्यांना जोडलेली माहिती सांभाळणारी संगणक प्रणाली) मानतात. ब्रिटनमध्ये १९७३ साली अ‍ॅबिंग्डनचं भूवैज्ञानिक पत्रक संगणकाच्या मदतीने काढलं गेलं. सर्वेक्षणांमधलं रोजचं काम मात्र डिजिटायझर टेबलावर झालं. ड्रॉइंग बोर्डाएवढं टेबल, त्यावर चिकटपट्टीने लावलेला नकाशा, हातात भिंगाखाली फुली असलेला माउससारखा तुकडा. ती फुली रेघेवर धरायची, बटण दाबायचं, थोडं पुढे सरकायचं, पुन्हा दाबायचं. एकेका पत्रकाला हजारो वेळा. दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या हवेत आकसायचा, म्हणून सकाळी बसवलेले कोपरे दुपारी जुळायचे नाहीत. शेजारच्या दोन खडकांची सामाईक सीमा दोनदा गिरवली तर दोन्ही रेघा एकमेकींवर बसत नसत आणि मधे लांबट, बारीक ढलप्या उरत. त्या ढलप्यांना खडकाचं नाव नसायचं. १९८२ मध्ये आलेल्या आर्क-इन्फोसारख्या सॉफ्टवेअरने सीमा एकदाच साठवून तिच्या डावीकडे कोणता खडक, उजवीकडे कोणता, एवढं लिहून ठेवलं, आणि ती डोकेदुखी बरीच उतरली.

पण टेबलावर बसलेला माणूस भूवैज्ञानिक असेलच असं नव्हतं. सलग, तुटक, ठिपक्यांची या सगळ्यांना ‘सीमा’ असा एकच संकेत देऊन तो मोकळा झाला, तर अंदाज आणि निरीक्षण पडद्यावर सारखेच ठाम दिसू लागतात. भर म्हणून पडदा हवं तितकं मोठं करून दाखवतो. एकास पन्नास हजार प्रमाणावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद भरते. झूम करून तीच रेघ कुणाच्या तरी प्लॉटच्या हद्दीवर ठेवण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

पत्रकं शेजारी शेजारी मांडल्यावर तर आणखी उघडं पडलं. एक पत्रक १९१० चं, बाजूचं १९६५ चं. एकाने ज्याला तीन थर मानलं त्याला दुसऱ्याने एकच नाव दिलेलं. कागदावर दोन्ही वेगवेगळ्या गुंडाळीत होती म्हणून कुणाचं अडलं नाही. अखंड डिजिटल नकाशात मात्र खडक पत्रकाच्या काठावर सुरीने कापल्यासारखा संपतो. हे जुळवण्याचं काम प्रोग्रॅमरच्या हातचं नाही; त्यासाठी कुणालातरी पुन्हा रानात जावं लागतं.

त्याच सुमारास पायाच हलला. भारतातले जुने टोपोशीट, म्हणजे भूमापनाचे नकाशे, १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या मानलेल्या गणिती आकारावर) बेतलेले होते, अमेरिकेतले १९२७ च्या डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या ठरीव पायावर). उपग्रहांचं मापन डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक डेटमवर चालतं. अमेरिकेत १९२७ वरून १९८३ च्या डेटमवर येताना मुख्य भूमीवरच्या बिंदूंचे आकडे काही ठिकाणी शंभर मीटरच्या घरात सरकले. भारतात २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी डब्ल्यूजीएस-८४ वरची वेगळी मालिका आणली. खडक जागचा हलला नव्हता. त्याचा पत्ता बदलला होता, आणि जुना पत्ता कोणत्या पद्धतीने लिहिलाय हे न सांगणारी फाइल निरुपयोगी झाली.

नेमकी हीच नोंद हरवण्याची सोय १९९० च्या दशकात लोकप्रिय झालेल्या शेपफाइल या नकाशे साठवायच्या फाइल-प्रकाराने करून ठेवली. नाव एकवचनी, पण ती निदान तीन फाइलींचा जुडगा असते. डेटम आणि प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत) सांगणारी चौथी वेगळी, पिटुकली, आणि सक्तीची नसलेली. ईमेल करताना हमखास मागे राहते तीच. स्तंभाचं नाव दहा अक्षरांत कोंबावं लागतं. ‘खडकाचं वय किमान’ आणि ‘खडकाचं वय कमाल’ छाटले गेले की सारखेच दिसतात, मग सॉफ्टवेअर एकाच्या शेपटीला १ चिकटवतं. कोणता कोणता, हे ज्याने केलं त्यालाच माहीत, आणि तो निवृत्त झालेला. २०१४ मध्ये जिओपॅकेज आलं, त्यात सगळं एकाच फाइलीत बसतं. तरी शेपफाइल जायचं नाव घेत नाही.

टेपांची गोष्ट वेगळी. भूकंपीय सर्वेक्षणाचा डेटा सुरुवातीपासूनच अवाढव्य, म्हणून तो अर्ध्या इंची चुंबकीय टेपवर गेला. त्यासाठी १९७५ मध्ये सेग-वाय नावाचा साचा ठरला, तो आजही चालतो. फाइलीचे पहिले ३,२०० बाइट म्हणजे ८० अक्षरांच्या ४० ओळी : कोणती रेषा, कुणी घेतली, कोणतं उपकरण. एकेक ओळ म्हणजे एकेक पंचकार्ड, भोकं पाडून माहिती लिहायचं जुनं कार्ड. मेनफ्रेम या मोठ्या संगणकांच्या जुन्या लिपीसंकेतात लिहिलेली ही पाटी साध्या एडिटरमध्ये उघडली तर पडदाभर ‘@’ दिसतात, कारण त्या संकेतातली मोकळी जागा आजच्या संकेतात ‘@’ म्हणून वाचली जाते. घाबरण्याचं कारण नसतं. घाबरायचं ते ‘@’ सोडून काहीच दिसलं नाही तर : याचा अर्थ पाटी कोणी भरलीच नव्हती. १९७०-८० च्या अनेक टेपांवरचा चिकट थर हवेतली ओल पिऊन लिबलिबीत झाला. अशा टेपा पन्नासेक अंश सेल्सिअसला कित्येक तास मंद भाजतात. मग त्या थोडे दिवस वाचता येतात, तेवढ्यात प्रत काढून घ्यायची. सर्व्हर खोलीच्या यादीत भट्टी कुणी धरत नाही, पण इथे तिची गरज पडते.

यंत्रं बदलत राहिली, मेनफ्रेम, युनिक्स वर्कस्टेशन, पीसी, सर्व्हर. दर स्थलांतरात थोडं काहीतरी सांडलं. वेगवेगळ्या देशांचे नकाशे एकमेकांना कळावेत म्हणून जिओसायएमएल नावाची देवाणघेवाणीची भाषा घडवण्यात आली, आणि २००७ मध्ये ब्रायटनला ‘वनजिऑलॉजी’ची सुरुवात झाली : प्रत्येक देशाने एकास दहा लाख प्रमाणाचा नकाशा आपल्याच सर्व्हरवर ठेवून जगाला दाखवायचा. भाषेपेक्षा शब्दांवर वाद जास्त झाले. ‘वाळूचा खडक’ म्हणजे नक्की किती वाळू, हे सर्वांनी सारखं मानलेलं नसतं.

साठवणुकीपेक्षा वाटपाने व्यवस्था जास्त बदलली. लँडसॅट उपग्रहांनी घेतलेली पृथ्वीची चित्रं सांभाळण्याचं काम अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. पैसे मोजून घ्यावी लागत तेव्हा २००१ या चांगल्या वर्षीही ती दिवसाला सरासरी ५३ च्या आसपास खपत होती. २००८ मध्ये संग्रह फुकट खुला झाला आणि मागणी लवकरच वर्षाला दहा लाखांवर गेली. २०२० च्या अखेरीस नवा संग्रह व्यावसायिक क्लाउडवर आला. तिथे गणित उलटं बसतं : माल ठेवण्याइतकंच तो बाहेर नेण्याचंही बिल येतं, म्हणून थेट क्लाउडमधून नेणाऱ्याने ते स्वतः भरायचं अशी पद्धत पडली. भारतातही डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडार खुलं झालं.

एवढं झालं तरी कपाटं रिकामी झालेली नाहीत. डिजिटल सीमेबद्दल शंका आली की रानात फिरताना भरलेलं मूळ क्षेत्रपत्रक काढून टेबलावर पसरतात, आणि त्या ठिकाणी रेघ सलग आहे की तुटक ते बघतात.