भावनोंदीतील चलनरूपांतर

परदेशी चलनात जाहीर होणारा भाव ऑनलाइन नोंदवताना तो रुपयांत आणि स्थानिक मापात बदलण्याची रीत. ग्रामीण विदर्भात तिचा संबंध मुख्यतः कापूस आणि सोयाबीनशी येतो. न्यूयॉर्कचा रुईचा (म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा) वायदा, शिकागोचा सोयाबीनचा वायदा आणि मलेशियातील पामतेलाचा भाव अॅपवर किंवा व्हॉट्सअॅप गटातल्या तक्त्यात रुपयांत दिसतो. घरात कापसाची गंजी लावून थांबलेला शेतकरी हा आकडा पाहून विकायचे की नाही ते ठरवतो. त्यामुळे हिशोबातली चूक थेट त्याच्या खिशाला लागते.

परदेशी भावाकडे पाहणे या भागाला नवे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलला जात असे आणि ‘हिंगणघाट’ व ‘उमरा’ (म्हणजे अमरावती) ही तिथल्या बाजारात मालाची नावे होती. आज व्यापारात चालणारी खंडी, म्हणजे ७८४ पौंड, ही त्याच पौंडाच्या हिशोबाशी जुळलेली आहे. पुढे १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना (कापसाचा खरेदीदार फक्त सरकार) होती. ती संपल्यावर जागतिक भाव पुन्हा गावाच्या चर्चेत आला. सोयाबीनचे देशांतर्गत वायदे सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामक संस्थेने, डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले, तेव्हापासून शिकागोकडे जास्तच लक्ष असते.

रूपांतरात चलन आणि माप दोन्ही बदलतात, आणि बहुतेक घोळ मापात होतात. न्यूयॉर्कचा भाव पौंडाला सेंट असा असतो, डॉलर नव्हे. समजा भाव ७० सेंट आणि डॉलर ८५ रुपये. ७८४ पौंडांच्या खंडीचे ५४८.८० डॉलर, म्हणजे ४६,६४८ रुपये. खंडी काटेकोर धरली तर ३५५.६२ किलोची, सोयीसाठी ३५६ किलो धरले की याच भावात खंडीमागे सुमारे ५० रुपयांचा फरक पडतो. मधल्या पायरीवर किलोचा भाव १.५४ डॉलर असा तोडला तर आणखी जवळपास ९८ रुपये गळतात. म्हणून मधले आकडे तोडू नयेत, शेवटी एकदाच पूर्णांक करावा. संगणकात रक्कम दशांश प्रकारात किंवा पैशांच्या पूर्णांकात ठेवावी. द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) अपूर्णांकात ०.१ सारखा साधा आकडासुद्धा नेमका बसत नाही.

सर्वांत घातक चूक मात्र रुई आणि कापूस एकच समजण्याची. वरील उदाहरणात रुईचा क्विंटलचा भाव १३,११७ रुपये येतो. तो बाजार समितीच्या यार्डातल्या सरकीसकट कापसाच्या भावाशेजारी ठेवला की ‘अमेरिकेत तेरा हजार आणि इथे सात’ असा संदेश गावोगाव फिरतो. क्विंटलभर कापसातून रुईचा उतारा ३४ किलो धरला तर रुईचे सुमारे ४,४६० रुपये होतात. त्यात सरकीची किंमत मिळवून जिनिंगचा (सरकी वेगळी करण्याचा) खर्च वजा केल्यावर तुलना योग्य होते. सोयाबीनचा भाव शिकागोत बुशेलला (धान्याचे अमेरिकी माप) सेंट असतो. तो बुशेल ६० पौंडांचा, म्हणजे २७.२१५५ किलोचा, मक्याचा बुशेल ५६ पौंडांचा असल्याने एकाचे सूत्र दुसऱ्याला चालत नाही.

विनिमय दर कोणत्या वेळचा, हे ठरलेले हवे. भारतात संदर्भ दर, म्हणजे सर्वांनी प्रमाण मानायचा विनिमय दर, जुलै २०१८ पासून एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी जाहीर करते. न्यूयॉर्कच्या रुईचा बंद भाव आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास येतो, हिवाळ्यात बारानंतर. सोमवारच्या भावाला सोमवारचा दर लावावा की मंगळवारचा, यातला कोणताही नियम चालेल. पण तो एकच असावा आणि तक्त्यावर लिहिलेला असावा. सुट्टीच्या दिवशी आधीचा दर धरला असेल तर तेही दाखवावे.

जुन्या नोंदींना आजचा दर लावणे ही दुसरी मोठी चूक. समजा पूर्वी भाव ७२ सेंट आणि डॉलर ८३ होता: खंडी ४६,८५२ रुपये. आता ७० सेंट आणि ८५: ४६,६४८. रुपयांत घसरण फक्त २०४. जुन्या भावाला आजचा दर लावला तर तोच भाव ४७,९८१ दिसतो आणि १,३३३ रुपयांची मंदी आल्याचा भास होतो, जी इथल्या कुणीच भोगलेली नाही. उलट केवळ रुपयांचा आकडा ठेवला तर जागतिक बाजार उतरल्याचे कळतच नाही. यासाठी प्रत्येक नोंदीत मूळ भाव, चलन, माप, दर आणि दराची वेळ या पाचही गोष्टी जपाव्या लागतात; रुपयांतला आकडा त्यांवरून केव्हाही काढता येतो.

पामतेलाचा भाव टनाला रिंगिट (मलेशियाचे चलन) असतो. रिंगिटचा रुपयांतला दर डॉलरमार्गे काढताना दोन्ही दर एकाच वेळचे घ्यावेत. येनचा संदर्भ दर तर १०० येनांचा असतो. ते विसरल्यास आकडा शंभरपट चुकतो.

रूपांतरित भाव म्हणजे आयात मालाची पडतळ (माल इथे पोचेपर्यंत पडणारी एकूण किंमत) नव्हे. पडतळीत वाहतूक, विमा आणि आयात शुल्क येते. कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये उठवले गेले आणि ती सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्या काळात सेंट आणि डॉलर जागचे हलले नसते तरी गिरणीला बाहेरची रुई स्वस्तच पडली असती. म्हणून शुल्काचा रकाना वेगळा ठेवून त्यापुढे ते लागू झाल्याची तारीख नोंदवतात.