पिल्लं कुणाच्या पोटची? सीमाभागातल्या मत्स्यबीजाची पार्श्वभूमी

पावसाळा लागला की बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या तळ्यांसाठी ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून मत्स्यबीज, म्हणजे तळ्यात सोडायची माशांची पिल्लं, येतं. कटला, रोहू, मृगळ, शिवाय सायप्रिनस (कॉमन कार्प), म्हणजे सरकारी कन्नड कागदावरचा ‘सामान्य गेंडे’. घेणारा दर विचारतो, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) केवढी ते बघतो, मेलेली किती ते मोजतो. या पिल्लांचे आईबाप कोण, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. उन्हाळे तापू लागले, पाऊस मागेपुढे होऊ लागला, तसं याच प्रश्नाला महत्त्व आलं आहे.

कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे मासे. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेचा गोतावळा वेगळा: महसीर, मरळ, वाम वगैरे. उत्तरेच्या या तीन माशांची एक अडचण होती. साचलेल्या पाण्यात त्यांची अंडी पोटात तयार होतात, पण बाहेर पडत नाहीत. त्यांना पूर लागतो, वाहतं गढूळ पाणी लागतं. म्हणून पूर्वी गंगेसारख्या नद्यांतून पुराच्या दिवसांत जाळी लावून बीज गोळा करत. त्यात हव्या माशांबरोबर नको ते, एकमेकांना खाणारेही यायचे.

ही कोंडी फुटली 10 जुलै 1957 रोजी, ओडिशातल्या अंगुल इथे. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या डोक्यातली पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी काढून तिचा अर्क टोचला आणि तळ्यातल्या माशांकडून अंडी घेतली. हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. पुढे ग्रंथी काढण्याची कटकटही गेली. अंडी सोडायला लावणारी ओव्हाप्रिमसारखी तयार औषधं कुपीत मिळू लागली. अंडी घ्यायच्या, उबवायच्या, फिरत्या पाण्याच्या गोल चिनी टाक्या आल्या आणि मत्स्यबीज हा धंदा झाला. अंडी मुबलक झाली. एक मोठी मादी लाखांनी अंडी देते, मग जास्त माद्या पाळायच्या कशाला?

माझ्या मते पुढच्या दुखण्याचं मूळ याच हिशोबात आहे. कर्नाटकातल्या 18 बीजकेंद्रांचा अभ्यास एकनाथ आणि डॉयल या संशोधकांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केला. वंश पुढे नेणाऱ्या माशांची प्रभावी संख्या, म्हणजे वंशाच्या हिशोबात खरे धरता येतील एवढे आईबाप, त्यांना 3 ते 30 एवढीच आढळली, आणि अंतःप्रजननाचा (जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा) अंदाज निघाला वर्षाला 2 ते 17 टक्के. प्रभावी संख्या निदान 50 तरी असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे तळ्यात हजारो मासे, पण घर दोनचारच. केंद्रं नदीतून नवं रक्त आणत नव्हती, आपल्याच पिल्लांतून पुढचे आईबाप निवडत होती. त्यातही झपाट्याने वाढलेला मासा बाजारात जातो आणि मागे उरलेल्या बारक्यांचेच आईबाप होतात. खुरटेपणाची निवड न ठरवताच होत राहते. हाच धंदा शेळीच्या बोकडाबाबत कुणी करणार नाही, पण मासा पाण्याखाली असतो, दिसत नाही.

दुरुस्तीचे प्रयत्न झाले. भुवनेश्वरच्या सिफा या केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज अशा वेगवेगळ्या नद्यांतले रोहू एकत्र करून निवडपद्धतीने नवा वाण काढला. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, 1997 मध्ये, त्याला ‘जयंती’ नाव मिळालं. प्रत्येक पिढीला वाढीत साधारण 17 टक्के भर पडली. कर्नाटकाचा स्वतःचा वाटा सायप्रिनसमध्ये आहे. इथल्या तळ्यांतला सायप्रिनस वर्षाच्या आतच वयात येऊन अंडी घालायचा. सगळी ताकद त्यात जायची आणि वजन खुंटायचं. बेंगळूरजवळच्या हेसरघट्टा इथे हंगेरीहून आणलेल्या अमूर वाणावर काम झालं. हा उशिरा वयात येतो, म्हणून जास्त वाढतो. सीमाभागातला मराठी शेतकरी महाराष्ट्रातली शेती मासिकं वाचतो आणि अनुदान मागतो बेंगळूरकडे, त्यामुळे अमूरचं नाव त्याच्या कानावर उशिराच पडतं.

आता हवामान. पश्चिम बंगाल आणि ओडिशातल्या बीजकेंद्रांत कार्प (कटला, रोहूच्या कुळातले) मासे पूर्वीपेक्षा लवकर, अगदी मार्चपासून, अंडी द्यायला तयार होऊ लागले आहेत. 1980च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत 110 ते 120 दिवसांचा असलेला हंगाम 160 ते 170 दिवसांवर गेला, असं तिथल्या पाहणीत दिसलं. ऐकायला बरं वाटतं. पण आमच्याकडे अथणी, रायबागकडची तळी जुलै-ऑगस्टशिवाय भरत नाहीत. बीज तयार आणि तळं कोरडं. मग पिल्लं दाटीत, कमी खाद्यावर रोखून धरावी लागतात. पाऊस लांबला तर केंद्रातल्या मादीच्या पोटातली पिकलेली अंडी विरघळून शरीरात परत जातात. टाकीतलं पाणी 31 अंशांच्या वर गेलं तर अंडी नीट फुटत नाहीत, फुटली तर वाकडी पिल्लं निघतात. अशा ताणाला कोण टिकतो, हे शेवटी वंशातल्या विविधतेवर ठरतं, आणि ती तर आपण आधीच उधळून बसलोय.

तिलापिया या दुसऱ्या पाळीव माशाचं तर लिंगच ऐन पिल्लूपणात उष्णतेने पालटतं: सुमारे 36 अंशांच्या पाण्यात वाढलेल्या पिल्लांत नरांचं प्रमाण वाढतं.

2019 आणि 2021 सारखे महापूर आले की बांध ओलांडून तळ्यातला मासा कृष्णेत, दूधगंगेत जातो. त्याचं पुढे काय होतं, हे कावेरीत बघायला मिळालं. लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेला निळ्या पराचा महसीर, ज्याचं वर्णन साइक्स या इंग्रज अभ्यासकाने 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून केलं होतं, तो 1970च्या दशकापासून चांगल्या हेतूने कावेरीत सोडला गेला. तो तिथे मातला. कावेरीचा स्वतःचा वशिंडवाला महसीर 2018 मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला.

लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन केंद्राने नर माशाचं वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवण्याचं तंत्र बसवलं आहे. बीजकेंद्राला बाहेरचा बाप आता डब्यातून आणता येतो. अंडं मात्र गोठवता येत नाही. त्यातल्या बलकामुळे ते तंत्र अजून साधलेलं नाही. आईची बाजू सुधारायची तर जिवंत माद्या वेगळ्या नदीतून आणून, तळ्यात दोन-तीन वर्षं पोसूनच वयात आणाव्या लागतात.