हॉलमधलं 'तैलचित्र': मागची गोष्ट

उदगीरकडच्या आमच्या चर्चच्या हॉलमधला जॉन वेस्लींचा फोटो साफ करायचा का आहे तसा राहू द्यायचा, यावरनं कमिटीत सध्या जे चालूय त्याची ही पार्श्वभूमी. वेस्ली म्हणजे मेथडिस्ट पंथ सुरू करणारे अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक, जास्त सांगत बसत नाही.

मूळ चित्र इंग्रज चित्रकार जॉर्ज रॉम्नीचं. वेस्ली तेव्हा ८५ वर्षांचे, एका बाईंनी फारच धरलं म्हणून बसले. ५ जानेवारी १७८९ ला डायरीत लिहिलंय की या माणसानं तासाभरात जे केलं ते सर जोशुआला (म्हणजे रेनॉल्ड्स, तेव्हाचा दुसरा नावाजलेला चित्रकार) दहा तासांत जमलं नाही. मोठा माणूस, पण टोमणा मारायची हौस होतीच! ते मूळ चित्र आता अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या म्युझियममधे आहे, म्हणजे आपल्याकडची कॉपी, इथपर्यंत कुणाचं भांडण नाही.

भांडण आहे 'तैलचित्र' या शब्दाचं. जुनी माणसं तेच म्हणत आली, खालच्या पाटीवर पण तेच. पण गेल्या पावसाळ्यात खालचा कोपरा सुटला आन् आतून कागद दिसला, कसरीनं खाल्लेला, भिंग लावलं तर रंगाचे बारीक ठिपके. म्हणजे हा ओलिओग्राफ, तैलचित्रासारखा दिसणारा छाप: प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा दगड घेऊन छापायचं, वरून कॅनव्हाससारखी खरबड उठवायची आन् वार्निश मारायचं. १८९४ ला मुंबईत निघालेल्या रविवर्मा प्रेसनं याच पद्धतीनं देवादिकांचे फोटो घरोघरी पोचवले, तेव्हा 'छापील' म्हटल्यानं कमीपणा यायचं काही कारण नाही असं मला वाटतं, पण काही घरांना तो येतो.

गंमत पुढंच. काही वर्षांखाली फोटो फिका पडला म्हणून एका बोर्ड पेंटरला दिला होता. त्यानं ऑइल पेंटनं काळा झगा गडद केला ते ठीक, पण गळ्याखालच्या दोन पांढऱ्या पट्ट्या, त्या काळच्या पाद्र्यांच्या पोषाखातल्या, त्याला चुकीच्या वाटल्या असाव्यात, त्या बुजवून आपल्या पाळकसाहेबांसारखी कॉलर रंगवून दिली. त्यामुळं एक गट म्हणतो आता तेलाचा रंग आहेच की, पाटी बरोबरय. दुसरा म्हणतो ती कॉलर पुसून टाका. माझं मत या दुसऱ्या गटाकडं.

पण टर्पेंटाइननं कॉलरसोबत खालचा छाप पण निघून येईल का, हे साफ करणाराच ठामपणे सांगंना. तोवर फोटो कपाटावर, जुन्या पेपरात गुंडाळून ठेवलाय, भिंतीवर नुसता चौकोनी डाग आन् खाली पाटी.