पार्श्वभूमी : जुन्या स्टेशन वॅगनमध्ये पाणी येते कोठून?

जुन्या स्टेशन वॅगनमध्ये, म्हणजे छत थेट मागच्या टोकापर्यंत नेलेल्या आणि सामानाची जागा आतच असलेल्या गाडीत, ओल दिसते ती बहुधा मागे, स्टेपनीच्या खळग्यात किंवा मागच्या सीटच्या पायाशी. पाणी शिरलेले असते मात्र तिथून बरेच पुढे किंवा बरेच वर, कधी तर छताची सारी लांबी ओलांडून. मागच्या दरवाजाचे रबर बदलले, फटींत सीलंट भरले, तरी पुढच्या पावसात खळगा पुन्हा भरतो आणि दोष रबराला, मेकॅनिकला किंवा गाडीच्या वयाला दिला जातो. वयाचा वाटा आहेच. पण या गाड्यांत पाणी कोणत्या वाटेने फिरावे हे त्यांची बॉडी घडवताना वेगवेगळ्या दशकांत घेतलेल्या निर्णयांनी ठरवून टाकलेले आहे. त्यांपैकी एक निर्णय, म्हणजे पाणी पूर्णपणे अडवण्याऐवजी ते ठरावीक वाटेने आत घेऊन खाली सोडून देण्याचा, आजच्या तक्रारींच्या मुळाशी सर्वाधिक वेळा सापडतो.

आरंभीच्या वॅगनपुरता हा प्रश्न वेगळाच होता. १९१० आणि १९२० च्या दशकांत अमेरिकेत रेल्वे स्थानकावरून प्रवासी आणि सामान नेण्यासाठी मोटारीच्या चॅसीवर सुतारकामाच्या कारखान्यांतून लाकडी बॉडी चढवली जाई. छत लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या, लेप दिलेल्या कापडाचे असे आणि बाजूंना पुष्कळदा काचेऐवजी पडदेच असत. पाणी आत येणार हे गृहीतच होते. पोलादी पत्र्याचे अखंड छत १९३५ च्या अमेरिकी मॉडेलांपासून रुळू लागले, संपूर्ण पोलादी बॉडीची वॅगन १९४६ मध्ये आली आणि पुढच्या सात-आठ वर्षांत तिथे खऱ्या लाकडाचा वापर संपत आला. ब्रिटनमध्ये एक लहान वॅगन १९७१ पर्यंत लाकडी चौकटीवर बनत राहिली; तिच्या लाकडावर शेवाळ धरते, हे तिच्या मालकांना आजही नवे नाही.

गळतीचे आजचे रूप घडवले ते पोलादी बॉडीने. पत्रे जोडले जातात स्पॉट वेल्डिंगने, आणि हे वेल्डिंग सलग नसते: काही सेंटिमीटरच्या अंतराने एकेक ठिपका पक्का जुळलेला, मधल्या जागेत मात्र दोन पत्रे एकमेकांवर नुसते टेकलेले. तिथे पाणी अडवण्याचे काम धातू करीतच नाही. ते करते वर थापलेले सीलंट, ज्यावर पुढे रंग चढतो. वीस-पंचवीस वर्षांत हे सीलंट कडक होते, पत्रा तापून-निवून हलत राहतो आणि केसाएवढी भेग पडते. अशा भेगेतून पाणी केवळ स्वतःच्या भाराने नव्हे, तर केशाकर्षणानेही आत ओढले जाते. वॅगनमध्ये अशा सांध्यांची लांबी सेडानपेक्षा अधिक असते, कारण छत थेट मागच्या टोकापर्यंत जाते, खांबांची एक जोडी वाढते आणि मागच्या चाकांच्या कमानी सामानाच्या जागेतच येतात.

त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे मुख्यतः मागच्या दरवाजाची आहेत. सुरुवातीला तो दोन भागांत असे. वरची काच वर उचलली जाई, खालची फळी खाली पडे, आणि दोहोंमधला आडवा सांधा ही पाण्याची हक्काची वाट असे. पुढे काच खालच्या फळीत उतरू लागली. १९६६ च्या मॉडेलांत एका अमेरिकी कंपनीने खालीही पडणारा आणि बाजूलाही उघडणारा दरवाजा आणला. १९७१ मध्ये दुसरीने काच छतात आणि दरवाजा तळाखाली सरकवणारी रचना काढली. शेवटी टिकला तो वरच्या बिजागऱ्यांवर उचलला जाणारा एकसंध दरवाजा. त्याने आडवा सांधा नाहीसा केला, पण बिजागऱ्या, वायरी आणि काच धुण्याची नळी या सर्वांना छताच्या मागच्या कडेतून जावे लागले, आणि ती कडच आज अनेक गाड्यांत गळते.

काच धुण्याची नळी तिथे आली तीही वॅगनच्या आकारामुळे. मागून पेटीसारखी कापलेली गाडी धावत असताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूळ, चिखलाचे तुषार व एक्झॉस्टचा धूर मागच्या काचेकडे खेचला जातो. काच सतत मळत असल्याने वायपर आला, वायपरच्या दांड्यासाठी भोक आले, आणि पाण्याची टाकी इंजिनपाशीच ठेवलेल्या गाड्यांत नळी छताच्या किंवा तळाच्या आवरणाआडून पार मागे गेली. छतातून नेलेली ही नळी बिजागरीपाशी सुटली, तर पाऊस नसतानाही छताचे अस्तर भिजते आणि त्या पाण्याला साबणाचा वास येतो. या एका खुणेने कित्येकदा शोध तिथेच संपतो. कमी दाबामुळेच काही वॅगन उभ्या असताना कितीही पाणी मारले तरी कोरड्या राहतात आणि ओल्या रस्त्यावर धावल्या की मागून भिजतात. ज्या फटीतून पाणी येते तिच्यातूनच धूरही आत येत असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असल्याने अशा गाडीतील मागच्या रबराची दुरुस्ती ही केवळ कार्पेट वाचवण्याची बाब राहत नाही.

आता सुरुवातीला सांगितलेल्या, पाणी आत घेऊन खाली सोडण्याच्या वादाच्या निर्णयाकडे. १९६० च्या दशकात काचा बंद ठेवूनही हवा खेळती ठेवण्याची पद्धत रुळली: हवा पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत घ्यायची आणि मागच्या कोपऱ्यांतील पातळ रबरी पडद्यांतून बाहेर सोडायची. जाळीतून हवा येणार म्हणजे पाऊसही येणार, म्हणून जाळीखाली पन्हळीसारखा कप्पा आणि त्याच्या दोन्ही टोकांना निचऱ्याची भोके ठेवली गेली. दरवाजांच्या बाबतीत हे तत्त्व त्याआधीपासून होते. सरकत्या काचेच्या कडेने पाणी दरवाजाच्या पोटात उतरते, खालच्या चिरांतून बाहेर पडते, आणि आतल्या आवरणामागे चिकटवलेला प्लास्टिकचा कागद तेवढे ते गाडीत येऊ देत नाही. सनरूफलाही हाच न्याय लागला. सनरूफचे रबर पाणी पूर्णपणे रोखते हा समज चुकीचा आहे. ते बरेचसे रोखते, उरलेले भोवतालच्या तबकात पडते आणि सहसा चार कोपऱ्यांतल्या चार नळ्यांनी खाली जाते.

या धोरणाचा बचाव करणारे म्हणतात, आणि ते खोटे नाही, की हलत्या काचेला कायमचे जलरोधक रबर बसवणे शक्य नाही. घट्ट रबराने काच अडखळते, सैल रबर गळते, आणि रबर म्हातारे होणारच असल्याने दुसरी फळी हवीच. हरकत तत्त्वाला नाही, निचऱ्याची तोंडे कोठे ठेवली याला आहे. ती ठेवली गेली फेंडरच्या आत, बॅटरीखाली, सिलच्या (दरवाजाखालच्या उंबऱ्यासारख्या पोकळ पट्टीच्या) पोटात, मागच्या बम्परआड. म्हणजे जिथे मालकाची नजर जात नाही आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये हातही पोचत नाही. शिवाय अनेक तोंडांवर चोचीसारखे मिटणारे रबरी व्हॉल्व्ह बसवले, जेणेकरून धूळ, आवाज आणि धूर वर येऊ नये. नव्या गाडीत हे व्हॉल्व्ह नीट चालतात. काही वर्षांनी पानांचा कुजलेला चुरा आणि बारीक माती तिथे साचून चिखलाची गोळी बनते, चोच उघडेनाशी होते, पुढचा कप्पा भरतो आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून पायाशी उतरते. हा सारा हिशेब पहिल्या मालकापुरता केला गेला, असे म्हटल्यास ते अन्यायाचे ठरू नये.

गॅरेजांमध्ये यावरचा सर्रास उपाय म्हणजे व्हॉल्व्हची चोच कापून तोंड उघडे ठेवणे. त्याला विरोध करणारे धूळ, किडे आणि आवाज यांची कारणे देतात, आणि खोल पाण्यातून गाडी नेल्यास उलट पाणी येईल असेही बजावतात. पहिली तीन कारणे खरी असली तरी किरकोळ आहेत. चौथे तोंडाच्या उंचीवर अवलंबून आहे; सिलच्या तळाशी उघडणाऱ्या तोंडाबाबत ते विचारात घ्यावे, इंजिनपाशी उंचावर असलेल्या कप्प्याबाबत ते फारसे लागू होत नाही. जुन्या गाडीत तुंबलेला व्हॉल्व्ह जपण्यापेक्षा उघडे तोंड बरे.

वॅगनच्या सनरूफमध्ये याच निर्णयाची किंमत सर्वाधिक मोजावी लागते. पुढच्या दोन नळ्या काचेच्या बाजूच्या खांबांतून उतरतात. मागच्या दोन पुष्कळ गाड्यांत अस्तरावरून संपूर्ण छत ओलांडून शेवटच्या खांबात वळतात. नळी वर्षानुवर्षे उन्हात तापून कडक होते, थोडी आखडते आणि तबकाच्या तोंडीवरून निसटते. अस्तर खाली घेऊन पाहिले तर नळीचे टोक आणि तोंडी यांत पुष्कळदा बोटभरही अंतर नसते. थेंब तोंडीच्या कडेवर फुगतो, नळीच्या तोंडात न पडता तिच्या बाहेरच्या अंगाने घरंगळतो आणि तसाच शेवटच्या खांबातून स्टेपनीच्या खळग्यात जातो. म्हणून खळग्यातल्या पाण्यासाठी मागचे रबर बदलणे पुष्कळदा वाया जाते. नळी तुंबली म्हणून कंप्रेसरची हवा मारण्याची सवयही इथेच नडते, कारण त्या दाबाने आधीच सैल झालेले सांधे अस्तराआड सुटतात. जाड नायलॉनचा लवचीक दोरा हळूहळू घालणे वेळखाऊ असले तरी सुरक्षित आहे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवण्यासाठी हवेचा रोध कमी करण्याची घाई सुरू झाली आणि १९८० च्या दशकात छताच्या कडेची उघडी पन्हळ गेली. पूर्वी तिच्यातून वाहून जाणारे पाणी आता थेट दरवाजांच्या बीडिंगवर येऊ लागले. याच सुमारास रबरी चौकटीत बसवलेल्या काचांची जागा युरेथेनने चिकटवलेल्या काचांनी घेतली. अपघातात काच जागेवर टिकावी, असा आग्रह अमेरिकेत १९७० पासून नियमातच होता. वॅगनच्या लांबलचक बाजूच्या काचाही पुढे अशाच चिकटवल्या गेल्या. युरेथेन सहसा स्वतःहून सुटत नाही. सुटतो तो त्याखालचा रंग, जेव्हा काच बदलताना पत्र्यावर ओरखडा राहतो आणि गंज पसरतो. तिथे बाहेरून सिलिकॉन भरणे ही मलमपट्टी नुकसानीची आहे. सिलिकॉनचे साधे प्रकार सुकताना अॅसेटिक आम्ल सोडतात, जे उघड्या पत्र्याला खाते, आणि त्याचा अंश उरला तर नंतर युरेथेन नीट धरत नाही. काच काढून गंज खरवडणे महाग पडते, पण तेच करावे लागते.

छतावरच्या कॅरिअरबद्दल थोडक्यात सांगता येईल. त्याचे बोल्ट छताच्या पत्र्यातून आरपार जातात, खालचे फोमचे वायसर चपटे होतात, आणि पाणी छताच्या आडव्या पट्टीवरून बाजूला वाहत खांबात उतरते. मागचे दिवे, एरियल आणि अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलांपासून सक्तीचा झालेला उंचावरचा तिसरा ब्रेक-लाइट यांच्या गॅस्केटचेही तेच.

शोधण्याच्या पद्धती या इतिहासामागून आल्या. कारखान्यात गाडी फवाऱ्याखाली तपासली जाते, पण तिथे प्रश्न गळते की नाही एवढाच असतो. जुन्या गाडीत प्रश्न कोठून हा असतो. म्हणून बारीक धारेने खालून वर, एकेक पट्टा भिजवत जायचे आणि एकाने आवरणे काढलेल्या गाडीत टॉर्च घेऊन बसायचे, ही जुनी रीत अजून हटलेली नाही. वरून सुरुवात केली की सगळेच ओले होते आणि काहीच कळत नाही. ब्लोअर पूर्ण वेगाने लावून, मागचे हवेचे पडदे चिकटपट्टीने बंद करून, बाहेरून साबणाचे पाणी लावल्यास फटीवर बुडबुडे दिसतात. अल्ट्रासाउंडच्या साधनात आत ठेवलेला प्रेषक साधारण ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि बाहेरचा ग्राहक तो जिथे निसटतो ती जागा दाखवतो. रबराच्या बाबतीत हे अचूक आहे, तुंबलेल्या नळीबाबत निरुपयोगी. पाणी गोडसर वासाचे आणि बोटांना तेलकट लागले तर ते पावसाचे नसून हीटरच्या कॉइलमधून गळणारे कूलंट असते. फोमच्या अस्तराचे कार्पेट वरून कोरडे लागते आणि खाली पाणी धरून ठेवते, त्यामुळे ते उचलून पूर्ण वाळवल्याखेरीज कोणतीही चाचणी घेऊ नये. कालचे पाणी आणि आजचे पाणी वेगळे ओळखता येत नाही.

१९९० च्या दशकापासून इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटे सीटखाली, कार्पेटखाली आणि मागच्या बाजूच्या कप्प्यांत, म्हणजे निचरा चुकलेले पाणी नेमके जिथे जाते तिथे, बसवली जाऊ लागली. त्या काळातल्या वॅगनमध्ये गळतीची पहिली खूण कुबट वास असेलच असे नाही. सेंट्रल लॉक आपोआप उघडणे, मागचा वायपर मध्येच चालू होणे किंवा रात्रीत बॅटरी उतरणे ही खूण आधी येते. अशा वेळी गाडी आधी वायरिंगवाल्याकडे जाते, युनिट बदलले जाते आणि नवे युनिटही पुढच्या पावसाळ्यात त्याच पाण्यात बसते.