गाळ जाळला की वीज फुकट?

सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला गाळ भट्टीत टाकला की फुकटात वीज मिळते, हा समज बराच जुना आहे आणि अर्धाच खरा आहे. कोरड्या गाळात ऊर्जा असते हे खरे: किलोमागे साधारण 12 ते 18 मेगाज्यूल. पण गाळ कोरडा असतो कुठे? यंत्राने पिळून काढल्यावरही त्यात बहुधा 75 ते 80 टक्के पाणी उरते.

अशा एक किलो गाळात घन भाग जेमतेम 200 ग्रॅम. त्यातून 3 मेगाज्यूलच्या आसपास उष्णता मिळेल. उरलेल्या 800 ग्रॅम पाण्याची वाफ करायलाच 2 मेगाज्यूल खर्ची पडतात. धुराड्यातून जाणारी उष्णता वजा करा, मग हाती काय राहते ते दिसेल. म्हणून कित्येक भट्ट्यांना वरून इंधन घालावे लागते.

खरी कमाई गाळ ओला असतानाच होते. बंद टाकीत, हवेविना, 35 ते 38 अंश सेल्सिअसला दोन-तीन आठवडे ठेवला की जिवाणू त्यातल्या सेंद्रिय भागाचा जवळपास निम्मा हिस्सा वायूत बदलतात. त्यात सुमारे 60 ते 65 टक्के मिथेन असतो. हा वायू इंजिनात जाळून वीज बनवतात. त्यातले हायड्रोजन सल्फाइड (गंज आणणारा वायू) आणि सिलॉक्सेन (सिलिकॉन असलेली संयुगे) मात्र आधी काढावे लागतात. सिलॉक्सेन जळून इंजिनात वाळूसारखा कठीण थर बसतो.

एवढे करूनही बहुतेक केंद्रांची स्वतःचीच विजेची गरज पुरती भागत नाही. ऑस्ट्रियातल्या स्ट्राससारखी, गरजेपेक्षा जास्त वीज बनवणारी केंद्रे मोजकीच. शिवाय टाकीत उरलेल्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते, ती वेगळीच.